डोंगर कापावा लागला, म्हणजे घर मोठं झालं



भातलावण उरकली. पाऊस उघडीप द्यायला तयार नाही, म्हणून ओसरीत बसून चार ओळी लिहितोय. आजचा विषय भाताचा नाही, पण शेताचाच आहे.

गेल्या आठवड्यात मुंबईहून पुतण्या आला. आला तो हातात फाईल घेऊनच. आमचं वर, बामणोलीच्या अंगाला, फॉरेस्टच्या हद्दीला लागून पावणेदोन एकर वरकस रान आहे. पूर्वी तिथं नाचणी-वरई व्हायची. आता गवे आणि डुकरं काही ठेवत नाहीत, म्हणून रान पडीक आहे. त्या रानाचा त्यानं कागदावर नकाशा काढून आणला होता. दहा कॉटेज, मधी पोहायचा तलाव, वीस गाड्यांचं पार्किंग. वर नाव लिहिलं होतं, ‘निसर्ग इको रिट्रीट’.

म्हणाला, “नाना, जंगलात राहायला लोक पैसे मोजायला तयार हायत. आपण नाय केलं तर दुसरं कोण तरी येऊन करंल.”

त्याचं दुसरं वाक्य खरं आहे. म्हणून मी त्याला उडवून लावलं नाही. चार दिवस विचार केला, आणि जे सुचलं ते इथं मांडतोय. कारण ही फाईल आज आमच्या घरात आली, उद्या तुमच्या घरात येणार आहे.

जावळीत सध्या काय चाललंय ते तुम्ही बघताच. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कास आलं, आणि तेव्हापासून फुलांच्या हंगामात मेढा-सातारा बाजूनं गाड्यांची रांग लागते. २०२० साली सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. पुढं नवीन महाबळेश्वरची घोषणा झाली. सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमलं. २०२४ साली कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीची जमीनखरेदी पेपरात किती गाजली, तेही आठवत असेल. म्हणजे आपल्या डोंगराला भाव आलाय. भाव आला की घाई येते, आणि घाईत माणूस मोजमाप विसरतो.

मी पण एकदा विसरलो होतो. ते आधी सांगतो, मग मत सांगतो.

२०१४ साली मी घरामागं दोन खोल्या काढल्या. भाड्यानं देऊ, कासला येणारी माणसं राहतील, असा विचार. सपाट जागा पाहिजे म्हणून मागचा उतार जेसीबीनं आठ फूट उभा कापला. काम करणारा म्हणाला, “काय होत न्हाय, मुरूम घट्ट हाय.” मलाही तेच ऐकायचं होतं. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा. उन्हाळ्यात आत बसवत नव्हतं आणि पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजानं बोललेलं ऐकू येत नव्हतं. तरी सात वर्षं चाललं.

मग जुलै २०२१ चा तो पाऊस आला. २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला आणि घरंच्या घरं माणसांसकट गाडली गेली. आमच्याकडं त्या रात्री मागची कापलेली दरड सुटली आणि चिखल खोलीच्या खिडकीपर्यंत भरला. खोलीत कुणी नव्हतं. एवढंच नशीब. आंबेघरला कुणी डोंगर कापला होता असं मी म्हणत नाही. न कापलेला डोंगरही असल्या पावसात सुटतो. पण आमची दरड मात्र मीच कापली होती. तिचा दोष पावसावर टाकता येत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जंगलाच्या कडेला घर किती मोठं असावं, हे बँकेनं आणि गिऱ्हाईकानं ठरवायचं नसतं. तीन गोष्टींनी ठरवायचं. जमिनीचा उतार, मे महिन्यातलं पाणी, आणि घरातले हात. या तिन्हीत जे बसेल तेवढंच बांधायचं. बाकी नावात ‘इको’ लिहा नाहीतर आणखी काही लिहा.

पहिला उतार. आमच्या वरच्या रानाला पाच फुटाला एक फूट उतार आहे. तिथं बारा फूट रुंदीचं घर, उताराला आडवं, म्हणजे तालीच्या ओळीत बांधलं, तर मागच्या भिंतीत आणि पुढच्या भिंतीत साधारण अडीच फुटाचा फरक पडतो. तेवढा फरक दगडी जोत्यात जिरतो. मागं काही कापावं लागत नाही. तेच घर तीस फूट रुंद घेतलं तर फरक सहा फुटाचा. मग जेसीबी आला, मग मागं सिमेंटची भिंत आली, मग त्या भिंतीमागं तुंबणारं पाणी आलं. आपल्या वाडवडलांनी डोंगरावर भाताची खाचरं पाडली ती बघा. उतार तीव्र असेल तिथं खाचर अरुंद, पसरट असेल तिथं रुंद. त्यांनी डोंगराला विचारून माप घेतलं होतं. घरालाही तोच नियम. घर लांब होऊ द्या, रुंद नको. डोंगर कापावा लागला, म्हणजे घर मोठं झालं असं समजा आणि नकाशा फाडा.

घराच्या वरच्या अंगाला एक चर मात्र पाहिजे. वरून येणारं पाणी दोन्ही बाजूंनी वळवून ओढ्याला सोडायचं. गोठ्यामागं आपण काढतो तसाच. हा चर दरवर्षी मे महिन्यात साफ झाला पाहिजे. मी तो काढलाच नव्हता.

दुसरं पाणी. आपल्याकडं पाऊस एवढा, की परगावच्या माणसाला वाटतं इथं पाण्याला काय कमी? पण झरे मार्चपासून बारीक होतात आणि मे महिन्यात वरच्या वाड्यांत बायकांच्या डोक्यावर हंडे असतात. म्हणून हिशोब पावसाळ्याचा नाही, उन्हाळ्याचा करायचा.

मी केला तो असा. एका चौरस मीटर छपरावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार लिटर पाणी होतं. तीन खोल्यांचं मिळून छप्पर धरा ९० चौरस मीटर. आपल्या भागात एक हजार मिलिमीटर म्हणजे काही विशेष नाही. म्हणजे ९० हजार लिटर छपरावरनं उतरतं. पन्हळीतनं सांडणारं, पहिल्या पावसाचं घाण म्हणून सोडून दिलेलं वजा केलं तरी ७०-७५ हजार लिटर कुठं गेलं नाही. आता खर्च. माणशी रोज १०० लिटर धरलं तर आठ माणसांना ८०० लिटर. मार्च ते मे, ९० दिवस रोज आठ माणसं राहिली तरी ७२ हजार लिटर. बसतंय! वापरायचं पाणी छपराच्या साठवणीतनं, प्यायचं तेवढं झऱ्याचं. टाकी बांधायला परवडत नसेल तर ताडपत्रीचं झाकलेलं शेततळं करा.

पुतण्याच्या दहा खोल्यांत पंचवीस-तीस माणसं. छप्परही वाढेल म्हणा, पण एवढी साठवण करायची कुठं? आणि तलाव भरायचा कशानं? मे महिन्यात टँकरनं. तो टँकर ज्या विहिरीवर भरणार, ती विहीर कुणाच्या तरी वाडीची असणार. आपल्या पाहुण्यानं पोहावं म्हणून खालच्या वाडीनं हंडा घेऊन थांबायचं, हे मला जमणार नाही. उद्या त्याच वाडीत तोंड दाखवायचंय.

पाणी आणणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच पाणी सोडणं. संडास दोन खड्ड्यांचा करा. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडं वळवायचं, पहिला बंद करून वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवायचा. आतलं सगळं कोरडं खत होतं, वास राहत नाही. खड्डे झऱ्याच्या आणि विहिरीच्या खालच्या अंगाला, लांब. वर कधीच नाही. आपला कातळ भेगांचा, पाणी कुठनं कुठं निघेल सांगता येत नाही. न्हाणीचं पाणी अळू, केळी, कर्दळीला. हे आपल्या आयांना कुणी शिकवलं नव्हतं. न्हाणीमागं अळू असायचंच.

तिसरे घरातले हात. हे आमच्या घरच्यांनी एका वाक्यात सांगितलं. पुतण्याला म्हणाल्या, “आठ माणसांच्या भाकरी मी थापीन. तीस माणसांच्या थापायला आचारी आण. आन आचारीच आणायचा तर लोकांनी हितं कशाला यायचं? त्यांच्याकडं हाटेलं न्हाईत व्हय?” मला यापुढं काही बोलायला उरलं नाही.

म्हणजे तिन्ही माप लावून उत्तर एकच येतंय. तीन खोल्या, आठ माणसं.

आता बांधायचं कसं. हल्ली ‘निसर्गापासून प्रेरणा’ असं लिहायची पद्धत आहे. झिंबाब्वे देशात हरारे शहरात १९९६ साली एक मोठी इमारत उभी राहिली, वारुळात हवा कशी खेळते ते बघून बांधलेली. गार हवा खालनं आत घ्यायची, गरम हवा वरनं सोडायची. वाचलं तेव्हा हसू आलं. वारूळ तर आपल्या बांधावर आहे, आणि आजोबांच्या घरात आढ्याखाली झरोका होता, चुलीचा धूर आणि गरम हवा तिथनंच जायची. आपण स्लॅब टाकला, झरोका बुजवला, आणि आता पंखा लावून बसतो.

आपल्या जुन्या घरांत घ्यायसारखं पुष्कळ आहे. काळ्या दगडाचं दोन-अडीच फूट जोतं, म्हणजे ओल वर चढत नाही. त्यावर लाकडाचे किंवा आता बांबूचे खांब. भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेण-मातीचं लिंपण करायचं. कारवी सात वर्षांनी फुलते आणि फुलून झाली की वाळते. त्या वाळलेल्या काठ्यांचे कुड. पण फॉरेस्टमधली कारवी विचारल्याशिवाय तोडू नका, तो गुन्हा होतो. त्यापेक्षा बांधावर बांबू लावा. २०१७ साली कायदा बदलला, जंगलाबाहेरच्या बांबूला आता झाड म्हणत नाहीत, त्यामुळं स्वतःच्या रानातला तोडायला पहिल्यासारखी अडचण नाही. तीन वर्षांच्या पुढचाच काठ्या घ्या. कोवळा घेतला की भुंगा लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून घेतला तर बराच टिकतो.

मातीच्या भिंतीला पाऊस लागला की संपलं. म्हणून वळचण तीन फूट बाहेर काढा. वाऱ्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर गवताच्या झडी बांधा. महाबळेश्वरला अजून मोठमोठ्या बंगल्यांना झडी बांधतात, त्यात कमीपणा काही नाही. झड ऑक्टोबरात सोडली की गोठ्यात अंथरायला, नंतर खतात.

वर मंगलोरी कौल चांगलं, पण खरं सांगायचं तर वानरं ठेवत नाहीत. आमच्या वाडीतली निम्मी कौलं वानरांनीच काढायला लावली आणि पत्रे आणले. पत्राच घालणार असाल तर घाला, पण त्याखाली बांबूची चटई आणि मधी हात-दीड हात मोकळी जागा ठेवा. आवाजही कमी होतो, उष्णताही.

दगडाच्या उंच भिंती मात्र नकोत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. वडील सांगायचे, चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती माणसांवर आल्या. १९९३ ला किल्लारीत तेच झालं, वर मातीचं जड माळवद आणि खाली गोल दगडाच्या भिंती. आपण कोयनेच्या शेजारी राहतो हे विसरू नका. वरचं वजन हलकं, सांधे बांधलेले, आणि जोत्यातसुद्धा मधी मधी आरपार जाणारा लांब दगड.

लहान आणि मातीचं घर म्हणजे गरिबाचं, असं पोरांना वाटतं. त्यांनी एकदा वर्ध्याला जाऊन सेवाग्राम बघावं. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला गेले. मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी पुढं बापू कुटी झाली. माती, बांबू, वर कौलं. भिंतीवर मातीतच झाडं काढलेली. देशाचे मोठमोठे पुढारी तिथं चटईवर येऊन बसले. आजही लोक लांबून ती बघायला येतात. तिथं पोहायचा तलाव नाही.

आणि काही गोष्टी बांधायच्या नसतात, पाळायच्या असतात. रात्री दिवे कमी, पिवळे आणि खाली तोंड केलेले. मे महिन्याच्या शेवटी झाडांवर काजवे लागतात, ते मोठ्या दिव्यात दिसत नाहीत. पाहुणा अंधार बघायला आलाय, त्याला अंधारच द्या. गाणं लावायचं तर कानात. खरकटं उघड्यावर टाकलं की कुत्री येतात, डुकरं येतात, आणि कुत्र्यामागं बिबट्या येतो. फेब्रुवारीत वाळलेलं गवत काढून हद्दीला जाळरेषा मारा, नाहीतर एका वणव्यात बांबूचं घर राख.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, “नाना, तीन खोल्यांत परवडणार कसं?” बरोबर विचारलंन. मग आम्ही हिशोब मांडला. त्याच्या दहा खोल्यांना त्याच्याच अंदाजानं ८० लाख कर्ज. दहा टक्क्यानं वर्षाला व्याजच ८ लाख. गर्दीचे दिवस धरले, फुलांचे, नाताळचे, मे महिन्याचे, शनिवार-रविवार मिळून ९० रात्री. म्हणजे रात्रीला जवळजवळ ८,९०० रुपये नुसत्या व्याजाचे. मुद्दल, पगार, लाईटबिल अजून बाहेरच. एक वर्ष पावसानं रस्ता बंद झाला किंवा कोरोनासारखं काही आलं की सातबाऱ्यावर बोजा आहेच. तीन खोल्यांना आमच्या अंदाजानं ५ लाख कर्ज, बाकी घरचं लाकूड, दगड आणि अंगमेहनत. व्याज वर्षाला ५० हजार, रात्रीला साडेपाचशेच्या आसपास. पाहुणा नाही आला तरी भात विकून फेडता येईल.

पण एक कबूल करतो. तीन खोल्यांवर मुंबईचा पगार सुटणार नाही. जो कोण सुटेल म्हणतो तो खोटं बोलतोय. ती शेतीला जोड आहे, शेतीच्या बदल्यात नाही. पाहुणा जाताना दहा किलो इंद्रायणी, दोन किलो नाचणी, मधाची बाटली घेऊन गेला तर दोन्ही मिळून घर चालेल. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्यांनी डोंगर न कापता डोंगरातनं पैसा काढायची वाट दाखवलीय.

नियोजन करणाऱ्या साहेब लोकांनाही एक सांगणं आहे. नवीन महाबळेश्वरच्या आराखड्यात रस्ते, रोपवे काय करायचं ते करा. पण बांधकामाला परवानगी देताना तीन कागद मागा. उतार किती आणि किती कापणार? मे महिन्यात पाणी कुठलं? सांडपाणी कुठं सोडणार? हे तीन कागद तीन खोल्यांचा शेतकरी सहज देईल. शंभर खोल्यांवाल्याला जड जातील. आज उलटं चाललंय. लहान माणूस बिनशेती आणि ना-हरकतीच्या कागदातच थकतो, आणि शेवटी वैतागून जमीन विकतो. घेणारा मात्र थकत नाही.

आपल्या लोकांनाही सांगतो. करायचंच असेल तर आधी तलाठी आणि वनखात्याकडं जाऊन आपला गट कुठल्या झोनमध्ये आहे ते लेखी विचारा. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी संवेदनशील क्षेत्र आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. बांधून झाल्यावर नोटीस येण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

आमचं ठरलं काय? अजून पूर्ण ठरलेलं नाही. पुतण्यानं फाईल फाडली नाही, बॅगेत ठेवली. पण जाताना म्हणाला, “दिवाळीला येतो, लेव्हलचा पाईप घेऊन उतार मोजू.” मला तेवढं पुरे आहे.

तोवर माझ्याकडं एक काम आहे. आमच्या वाडीत कुड विणणारा आता एकच म्हातारा उरलाय, ऐंशीच्या पुढचा. हात थरथरतात, पण सांगतो नीट. पाऊस उघडला की त्याला रानात नेणार आहे आणि चार पोरांना समोर बसवून एक कुड विणून घेणार आहे. तुमच्या वाडीत असा कुणी असेल तर तुम्हीही हेच करा. नंतर विचारायला माणूस राहणार नाही.

राम कृष्ण हरी.